प्रबंध मराठीत का नको?

प्रति,
माननीय बिशपसाहेब,
मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर धर्मप्रांत,
चर्च ऑफ नॉर्थ इंडिया

आदरणीय बिशपसाहेब,



लवकरच आपापल्या धर्मप्रांतात उमेदवार समितीची बैठक बसेल. बी.डी.ला कोणाला पाठवायचे, एम.टी.एच.साठी कोणत्या पाळकाला दोन वर्षे मोकळे करायचे, शिफारसपत्र कोणाला द्यायचे, खर्चाचा वाटा कोणी उचलायचा, हे सगळे तिथे ठरते. एका गोष्टीवर मात्र तिथे कधी चर्चा होत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. तुम्ही ज्याला पाठवता तो तिथे कोणाची पुस्तके वाचतो आणि शेवटी जो प्रबंध बांधून आणतो तो त्याच्या मंडळीतले कोण वाचते? माझे मागणे एवढेच आहे की, मराठी मंडळीच्या अर्पणातून शिकणाऱ्याला एम.टी.एच.चा प्रबंध मराठीत लिहायची मोकळीक मिळावी, आणि मराठीत ज्यांनी ईशज्ञान घडवले त्यांची पुस्तके या पदवीसाठी अभ्यासाला असावीत.

हे पत्र मंडळीबाहेरचे वाचकही वाचतील, म्हणून थोडी माहिती देते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक व्हायचे तर साधारणपणे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करावी लागते. एम.टी.एच. म्हणजे मास्टर ऑफ थिऑलॉजी, ईशज्ञानातली त्यापुढची पदवी. जुना करार, नवा करार, ख्रिस्ती ईशज्ञान, मंडळीचा इतिहास, धर्मांचा अभ्यास अशा तिच्या शाखा आहेत. पहिले वर्ष पेपर लिहिण्यात जाते, दुसरे प्रबंधात. जुना करार घेतला तर हिब्रू लागते, नवा घेतला तर ग्रीक. शिक्षण बंगळूर, चेन्नई, कोलकाता अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत होते, पण पदवीवर शिक्का असतो सेरामपूरच्या सिनेटचा. कॅथलिकांची व्यवस्था वेगळी. त्यांच्याकडे या पातळीला लायसेन्शिएट म्हणतात आणि ती पदवी रोमच्या अधिकाराने मिळते. १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलेले त्यांचे मोठे विद्यापीठ आपल्या दारातच आहे. शिकवणे तिथेही इंग्रजीतच. त्यांना पत्र लिहायचे काम त्यांच्यापैकी कोणीतरी करावे.

सेरामपूर हे बंगालमध्ये, हुगळीच्या काठी आहे. मला सेरामपूरच्या पदवीला प्रवेश मिळाल्याचे कळले तेव्हा आमच्या एका नातेवाइकांनी ‘बरे झाले, एस.टी.ने जाता येईल’ म्हणून समाधान व्यक्त केले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर आपले नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर होते. हसण्यावारी नेले, पण त्या बंगालमधल्या गावाशी मराठीचे नाते आपल्या साखरपट्ट्यातल्या गावापेक्षा जुने आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथल्या छापखान्यातून निघाले. १८१० मध्ये मोडी खिळ्यांत छापलेला मराठी कोश आला आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. वैजनाथ पंडितांसारखा जाणकार शेजारी बसवून कॅरीने हे काम केले. सेरामपूरचे कॉलेज १८१८ चे, म्हणजे मराठीचे काम आधी आणि कॉलेज नंतर. कॉलेजच्या पहिल्या जाहीरनाम्यातही पौर्वात्य वाङ्मयाचा उल्लेख आधी आहे आणि युरोपीय विज्ञानाचा नंतर. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने पदव्या देण्याची सनद दिली, १९१८ मध्ये बंगालच्या कायद्याने आजच्या सिनेटची घडी बसली. ज्या गावच्या छापखान्यातून मराठी व्याकरण निघाले, तिथल्या संस्थेची उच्च अभ्यासाची पदवी आज मराठी पोरे मराठीची एक ओळही न वाचता मिळवू शकतात. नियमात काय लिहिले आहे हा प्रश्न वेगळा, रीत अशी पडली आहे.

आम्ही काय वाचतो तेही सांगते. कार्ल बार्थ, बुल्टमान, टिलिक, मोल्टमान, गुटिएरेझ. भारतीय ईशज्ञानाच्या पेपरात ब्रह्मबांधव उपाध्याय, चेंचय्या, अप्पासामी, एम. एम. थॉमस. रॉबिन बॉइड यांचे १९६९ चे इंग्रजी पुस्तक सगळ्यांच्या टेबलावर असते, कारण परीक्षेला ते पुरते. त्यात नेहेम्या गोरे भेटतात, नारायण वामन टिळकही भेटतात. पण आपल्याच माणसांची ओळख आयर्लंडहून गुजरातेत आलेल्या एका सद्गृहस्थाच्या इंग्रजी उताऱ्यांतून करून घ्यायची आणि मूळ पुस्तक उघडायचेच नाही, हा प्रकार मला विद्यार्थी असतानाही खटकत होता. बॉइड यांचा दोष नाही. त्यांनी त्यांचे काम चोख केले, आपण आपले केले नाही.

बार्थ वाचू नये असे माझे म्हणणे नाही. मला बार्थ आवडतो, आणि त्याच्याच आधाराने मी तुमच्याशी भांडणार आहे. रोमकरांस पत्रावरचे त्याचे गाजलेले भाष्य १९१९ चे. तेव्हा तो प्राध्यापक नव्हता, स्वित्झर्लंडमधल्या साफेनविल नावाच्या कामगारवस्तीच्या गावात पाळक होता. दर रविवारी गिरणीतल्या माणसांसमोर उभे राहून काय बोलायचे, या अडचणीतून ते पुस्तक आले आणि ते त्याने जर्मनमध्ये लिहिले. बोन्होफरही जर्मनमध्येच लिहायचा. मोल्टमानचेही तसेच. गुटिएरेझ यांनी १९७१ मध्ये मुक्तीचे ईशज्ञान मांडले ते पेरूमधून, स्पॅनिश भाषेत. म्हणजे आम्ही इंग्रजीत ज्यांना ‘जागतिक’ म्हणून वाचतो ते बहुतेक आपापल्या मंडळीच्या भाषेत विचार करत होते आणि भाषांतर करण्याची मेहनत जगाने घेतली. आम्हीच तेवढे जगाची सोय आधी बघतो.

मराठीकडे सांगण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील म्हणून लिहिते. गोव्यात राशोलच्या सेमिनरीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापून घेतले. सुमारे अकरा हजार ओव्या. उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ओवीत बसवताना देव, पाप, मोक्ष, अवतार यांपैकी काय घ्यायचे आणि काय टाळायचे, याचा निर्णय त्याला पानोपानी करावा लागला असणार. मराठी विभागांत त्याचा अभ्यास भाषेसाठी होतो, ओव्यांतल्या छटांसाठी होतो. ईशज्ञानाच्या वर्गात तो मी कधी उघडलेला पाहिला नाही.

नीळकंठशास्त्री गोरे काशीत वाढलेले. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले आणि सहा दर्शनांची चिकित्सा करणारे ‘षड्दर्शनदर्पण’ त्यांनी हिंदीत लिहिले. ते पुस्तक आज मला अनेक ठिकाणी पटत नाही. वेदान्ताशी त्यांचा वाद कडवट आहे आणि समोरच्याचे उत्तम म्हणणे ऐकून घेण्याची तयारी कमी पडते. पण वाद घालणारा माणूस दोन्ही बाजूंची शास्त्रे मुळातून वाचलेला होता. आमच्या पिढीत असे किती आहेत? बाबा पदमनजींचे नाव ‘यमुनापर्यटन’मुळे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. त्यांनी नव्या करारावर मराठीत भाष्य लिहिले, हे मात्र पाळकांनाही सांगावे लागते. टिळक तर अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवत होते. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते उघड म्हणत, आणि त्यावर मिशनरी मंडळींच्या भुवया उंचावत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून पुरे केले. नवऱ्याच्या दहा-अकरा अध्यायांपुढे बायकोचे चौसष्ट, आणि तरी पुस्तक टिळकांचे म्हणून ओळखले जाते. लक्ष्मीबाईंनी येशूचे चरित्र कसे समजून घेतले, यावर एक एम.टी.एच. सहज होईल. ‘स्मृतिचित्रे’वर लेखांचे ढीग पडले आहेत, या अध्यायांकडे मात्र कोणी फिरकत नाही.

रमाबाईंवर जरा थांबते, कारण तिथे बिशपांचाही संबंध येतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या. तिथे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा प्रस्ताव आला तेव्हा लाहोर आणि मुंबई इथल्या बिशपांनी हरकत घेतली. भारतात परतल्यावर तिच्या प्रभावाला बाधा येईल, हे कारण. त्याच सुमारास रमाबाई वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या प्रमुख मिस बील यांना पत्रांवर पत्रे लिहीत होत्या. त्र्यैक्य म्हणजे काय, ते शास्त्रात नेमके कुठे आहे, अथनेशियन मतांगीकार मी का म्हणावा, मंडळीचा अधिकार मोठा की माझी विवेकबुद्धी, असे प्रश्न त्या विचारत होत्या. नवी ख्रिस्ती झालेली बाई एवढे विचारते कशाला, असा सूर पलीकडच्या उत्तरांत ऐकू येतो. ही पत्रे अ. भि. शहा यांनी संपादित करून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापली. बिशपसाहेब, आमच्या वर्गात त्र्यैक्यावर जेवढे पेपर मी ऐकले त्यातले फारच थोडे या पत्रांच्या तोडीचे होते. पत्रे इंग्रजीत आहेत हे मला ठाऊक आहे, तुम्ही आठवण करून द्याल म्हणून आधीच मान्य करते. पण रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला उभारलेल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण पवित्र शास्त्राचे मुळावरून एकटीने मराठी भाषांतर करायला बसल्या, आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे त्या कामात घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, जिथे मुली खिळे जुळवत. शेतावरच्या, शाळा न शिकलेल्या बाईला ते कळावे ही त्यांची अट होती. ते भाषांतर पुढे मंडळ्यांत फारसे रुळले नाही, भाषा काही ठिकाणी ओबडधोबड आहे, हेही खरे. पण मूळ भाषा शिकून, प्रत्येक ओळीत निर्णय घेऊन, एवढे मोठे काम पुरे करणारी बाई आज तुमच्या समितीपुढे आली तर काय होईल? बी.डी. नाही, पाळकाची दीक्षा नाही, वय जास्त, धर्मप्रांताचे शिफारसपत्र नाही. अर्ज परत.

आता माझ्यावर काय गुदरले ते थोडक्यात. संस्थेचे नाव घेत नाही, कारण दुसरीकडे वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. मी मूळची मराठीची शिक्षिका. प्रबंधाचा विषय घेतला तो मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्यातल्या ख्रिस्ताच्या प्रतिमेचा. ग्रंथालयात मराठी पुस्तके मागितली तेव्हा ग्रंथपालांनी मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली दिली. कपाटावर ‘व्हर्नाक्युलर’ अशी चिठ्ठी होती. खालच्या कप्प्यात जुन्या ग्रंथांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. एकाचे मुखपृष्ठ गेलेले, पण पहिल्याच पानाच्या समासात कोणीतरी बारीक मोडीत टिपणे केलेली. तारखांची पट्टी बघितली तर पुस्तक शेवटचे नेले गेले त्याला माझ्या जन्मापेक्षा जास्त काळ झाला होता. नाकाला रुमाल बांधून मी तिथेच फरशीवर बसून वाचत असे, कारण त्या पुस्तकांना बाहेर नेण्याची परवानगी नव्हती. कपाटात वाळवी लागली होती, तिला मात्र कोणाची परवानगी लागली नाही.

माझे मार्गदर्शक सज्जन होते. केरळचे. मराठी त्यांना येत नव्हती, यात त्यांचा अपराध काय? त्यांनी सांगितले, प्रबंधाच्या अंगात सगळे उतारे इंग्रजीत द्या, मूळ मराठी परिशिष्टात टाका. मी टाकले. टंकलेखन करणाऱ्याच्या संगणकावर देवनागरी नीट नव्हती, त्यामुळे परिशिष्टात जोडाक्षरे फुटली. ‘ख्रिस्त’ आणि ‘त्र्यैक्य’ यांच्या जागी ठिपक्यांची वर्तुळे उमटली. बांधणीला द्यायच्या आदल्या रात्री मी प्रत्येक प्रतीत काळ्या पेनाने ती अक्षरे हाताने घातली. तोंडी परीक्षेत त्या परिशिष्टाबद्दल एकही प्रश्न आला नाही. प्रश्न आले बार्थबद्दल, कारण ‘याला ईशज्ञान म्हणता यावे’ म्हणून एक अख्खे प्रकरण मला बार्थशी तुलना करण्यात घालावे लागले होते. निकाल चांगला लागला. प्रबंध आमच्या मंडळीला भेट दिला, तो वेस्ट्रीतल्या कपाटात हिशेबाच्या वह्यांशेजारी आहे.

पदवी घेऊन आल्यावर मला पहिला प्रश्न विचारला तो एका आजीने, उपासना सुटल्यावर, चपला घालता घालता. “बाई, तुम्ही मोठं शिकून आलात. नातवाचा बाप्तिस्मा करू, का आधी त्याचा जातीचा दाखला काढू?”

बिशपसाहेब, आपल्याला या प्रश्नाचा अर्थ सांगायला नको. बाहेरच्या वाचकांना सांगते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. नगर, जालना, बीडकडच्या गावांत एकाच आळीत एक घर बौद्ध झाले, एक ख्रिस्ती. पाणवठ्यावर दोघांना वागणूक सारखी मिळाली, तहसीलमध्ये मिळाली नाही. म्हणून कित्येक घरांत मंडळीच्या नोंदवहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे दोन पिढ्या चालले आहे. यावर न्यायालयात काय व्हावे ते वकील बघतील. पण बाप्तिस्मा ही जाहीर कबुली आहे असे आम्ही शिकवतो, आणि ती कबुली झाकून ठेवल्याशिवाय पोराचे शिक्षण होत नाही, तर त्या झाकलेल्या बाप्तिस्म्याला मंडळीने काय म्हणायचे? भ्याडपणा म्हणायचे? का राज्यसत्तेच्या अन्यायापुढे टिकून राहण्याची युक्ती म्हणायची? सुरुवातीच्या शतकांत छळाच्या भीतीने पडलेल्यांना परत घ्यावे की नाही यावर कार्थेजच्या सिप्रियनने लिहिले ते आम्ही मंडळीच्या इतिहासात पाठ केले. त्या आजीच्या प्रश्नाला त्याचा उपयोग होऊ शकतो, पण तो पूल कोणी बांधलेला नाही. असा प्रबंध इंग्रजीत लिहिता येईल, नाही असे नाही. पण तो लिहायला शंभर घरांत बसून ऐकावे लागेल, लोक जे अर्धे बोलतात आणि अर्धे गिळतात ते टिपावे लागेल, आणि लिहून झाल्यावर त्याच लोकांपुढे वाचून दाखवावे लागेल. इंग्रजी प्रबंधाला त्यांच्यापुढे उभे राहण्याची गरजच पडत नाही.

अरविंद निर्मळ आपल्यातलेच. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या ईशज्ञानाची मांडणी करणारे व्याख्यान दिले आणि तिथून दलित ईशज्ञान हा विषय जगभर गेला. नंतर चेन्नईच्या गुरुकुल महाविद्यालयात त्यांनी ते काम पुढे नेले. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, मराठीत दलित साहित्याने सगळी भाषा ढवळून काढली, आणि त्याच मातीतला माणूस आपले ईशज्ञान मांडायला बंगळूरला गेला आणि इंग्रजीत बोलला. आज जर्मनीतला विद्यार्थी निर्मळांवर लिहितो. आमच्या तालुक्यातल्या पाळकांच्या सभेत मी त्यांचे नाव घेतले तेव्हा एकाने विचारले, हे कोणत्या पास्ट्रेटला होते?

तुमच्या हरकती मला माहीत आहेत, मी त्या कार्यालयांत बसून ऐकल्या आहेत. परीक्षक कुठून आणायचे? आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांत संतसाहित्यावर आयुष्य घालवलेली माणसे आहेत. एक परीक्षक तिथला आणि एक ईशज्ञानाचा, असे करता येईल. सोबत इंग्रजी सारांश मागा, तो मागणे रास्त आहे. पदवी सगळ्या देशाची आहे, एका भाषेसाठी नियम कसा वाकवायचा? तमिळनाडूत मदुराईच्या सेमिनरीने तमिळमधून शिकवण्याचा रस्ता कधीच घेतला आणि त्यामुळे तिथल्या मंडळीचे काही वाईट झालेले नाही.

तिसरी हरकत जास्त वजनाची आहे आणि ती विद्यार्थ्यांचीच आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावातून आलेल्या, पहिल्यांदाच पदवीधर झालेल्या पोराला इंग्रजी म्हणजे दार आहे. त्याच्या बापाला गावात कोणी खुर्ची दिली नाही, त्याला इंग्रजी येते म्हणून परिषदेत बोलावतात, परदेशी डॉक्टरेटची शिष्यवृत्ती मिळते. सावित्रीबाईंनी इंग्रजीची महती गायिली, बाबासाहेबांनी आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. ते दार मी बंद करायला निघालेले नाही. म्हणून सक्ती मागत नाही, मोकळीक मागते. ज्याला इंग्रजीत लिहायचे त्याने जरूर लिहावे. पण जो मराठीत चांगला विचार करतो, त्याच्याकडून अडखळत्या इंग्रजीत मध्यम दर्जाचा प्रबंध घेऊन त्यालाच कमी गुण देण्याची पद्धत थांबवा. असे किती हुशार पाळक मी पाहिले आहेत की, व्यासपीठावर उभे राहिले की लोक हलत नाहीत, आणि प्रबंधाच्या कागदावर त्यांचे वाक्य लंगडते.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. एम.टी.एच. करून आलेल्या पाळकाला परतल्याबरोबर मिळकतींच्या खटल्यांच्या फाइली देऊ नका. मंडळीच्या जमिनी वाचवायला वकील लावा. ईशज्ञान शिकलेल्याला आठवड्यातून एक दिवस तरी खेड्यातल्या वडिलांना आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना शिकवू द्या. आणि दीक्षा न घेतलेल्यांना, म्हणजे प्रामुख्याने बायकांना, शिफारसपत्र देण्यात हात आखडू नका. मंडळीतल्या प्रार्थनासभा त्याच चालवतात, आजारपणात घरी जाऊन शास्त्र वाचतात त्याच, आणि लोकांचे खरे प्रश्न पाळकाच्या आधी त्यांच्या कानावर येतात.

आपण सहा धर्मप्रांतांनी मिळून सिनेटकडे एक ठराव पाठवावा, अशी विनंती आहे. त्यात तीन-चार ओळी पुरतील: मराठी प्रबंधाला मान्यता, क्रिस्तपुराण, गोरे, पदमनजी, रमाबाई आणि टिळक दांपत्य यांचा एक स्वतंत्र पेपर, आणि आपल्या सेमिनऱ्यांतल्या मराठी ग्रंथांची सूची करून त्यांचे डिजिटल छायाचित्रण. शेवटच्या कामासाठी ठरावाची वाट पाहायचीही गरज नाही. एका उन्हाळी सुट्टीत तरुण संघाची पोरे ते मोबाइलवर करून देतील, फक्त कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या हाती द्या. समितीला मराठी परीक्षकांची नावे सुचवायची असल्यास मी यादी तयार करून देईन, आणि आजीच्या प्रश्नावर प्रबंध करायला तयार असलेली दोन माणसे आजच माझ्या ओळखीत आहेत. एक पाळक आहे. दुसरी अंगणवाडी सेविका, तिच्याकडे बी.डी. नाही.

आपली नम्र,
नगर जिल्ह्यातील एका मंडळीची सभासद